गंजलेली फटफटी आणि कामगाराचा हात



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची व्याख्याने ऐकता. मी सातवीत शाळा सोडली, कारखान्यात फिटरचा हेल्पर म्हणून लागलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. तेव्हा माझ्या हाताखालून गेलेल्या एका विषयावरच मी बोलणार आहे. तो विषय म्हणजे वर्षानुवर्षे पडून राहिलेली एक विलायती फटफटी पुन्हा चालती कशी करावी.

आमच्या युनियनचा एक जुना कार्यकर्ता पाळी सुटताना गेटसभेला हिच्यावरून येत असे. तो गेल्यावर ती तीस वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये पडली. कोंबड्या तिच्या सीटवर बसू लागल्या. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला, तेव्हा त्याच्या मुलाने ती माझ्या दारात आणून सोडली.

गाडी बी.एस.ए. एम-२०. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका करणाऱ्या कारागिरांनी काढलेली ही कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिने ब्रिटिश लष्कराला अशा लाखाहून अधिक गाड्या पुरविल्या. इंजिन एका सिलिंडरचे, ४९६ सी.सी.चे, जोर बेताचा, पण चिवट. ज्या स्मॉल हीथच्या कारखान्यात ती बनली, त्यावर १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्ब पडले आणि कामावर असलेले ५३ कामगार ठार झाले. लोखंडाकडे पाहताना ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

आता कामाकडे वळू. पहिला नियम असा, की जुनी गाडी मिळाली म्हणून लगेच किक मारू नये. पडून राहिलेल्या इंजिनात दट्ट्या आणि त्याच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात. जोर केला तर रिंगा तुटतात. प्लग काढून त्या भोकातून रॉकेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडावे आणि आठ-दहा दिवस वाट पाहावी. नंतर गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हलके मागे-पुढे करावे. या इंजिनाच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला असतात. त्यामुळे वरचा भाग डब्याच्या झाकणासारखा निघतो आणि आतले सारे डोळ्यांना दिसते. माझा दट्ट्या सतराव्या दिवशी सुटला.

दुसरी गोष्ट आट्यांची. येथे मी स्वतः चुकलो. हाताशी मिलिमीटरचे पाने होते, तेच लावले आणि दोन नटांचे कोपरे गोल करून ठेवले. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला तेथेच थांबविले. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे माप ठरवून दिले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर मिलिमीटरच्या आट्याचा ६० अंशांचा. शिवाय व्हिटवर्थ पान्यावर अर्धा इंच लिहिले असेल, तर ते माप बोल्टच्या दांड्याचे असते. पान्याचे तोंड त्याहून बरेच मोठे असते. या गाडीवर तर दोन-तीन जातींचे आटे आहेत. म्हणून प्रत्येक नट ज्या बोल्टचा, त्याच बोल्टवर परत लावून ठेवावा आणि प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधावी.

तिसरी गोष्ट ठिणगीची. ती मॅग्नेटो निर्माण करतो. त्यासाठी बॅटरी लागत नाही. त्याच्या तारांच्या गुंडाळीवर लाखेचा लेप असे आणि लाखेचा मोठा पुरवठा त्या काळी आपल्याच देशातून होत असे. वयाने आणि उष्णतेने ही लाख पाझरते आणि फिरता भाग जागीच चिकटतो. आतला कंडेन्सरही थकतो. गाडी थंड असताना सुरू होते, तापली की बंद पडते. तेव्हा कार्बुरेटरला दोष देण्याआधी येथे पाहावे. मिस्त्रीने गुंडाळी नवी करून दिली, तेव्हा कोठे ठिणगी निळी पडली.

टाकीचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडून निघाला. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र साऱ्या बदलाव्या लागल्या, कारण आजच्या पेट्रोलमध्ये मद्यार्क असतो आणि जुने रबर त्यात टिकत नाही. काळा रंग खरवडताना खाली लष्करी खाकी निघाला. शेजारी म्हणाले, क्रोम करा, चकचकीत करा. मी ऐकले नाही. जे झिजले होते ते बदलले. जे नुसते म्हातारे होते ते राहू दिले.

या कंपनीचे पुढे काय झाले? १९७३ साली ती डबघाईला येऊन दुसऱ्या समूहात विलीन झाली. त्याच समूहाने त्याच वर्षी मेरिडेनचा ट्रायम्फ कारखाना बंद करण्याचे ठरविले, तेव्हा कामगारांनी दरवाजे अडवून तो ताब्यात घेतला आणि १९७५ पासून सहकारी तत्त्वावर चालविला. १९८३ साली तोही संपला. हिशेबाच्या वहीत यंत्रांची, इमारतींची किंमत लावली जाते. नट किती आवळायचा हे ज्या मनगटाला कळते, त्या मनगटाची नोंद कोठेच होत नाही. कारखाना बंद झाला की ते ज्ञान माणसाबरोबर घरी जाते, आणि विचारणारा कोणी नसेल तर माणसाबरोबरच संपते.

माझा मिस्त्री आज ऐंशीच्या घरात आहे. त्याला पेन्शन नाही, त्याच्या नावाची पाटी नाही. म्हणून दर रविवारी आय.टी.आय.ची दोन मुले त्याच्याकडे बसवितो. मॅग्नेटो कसा उघडायचा हे एकाला आता जमते.

गेल्या हिवाळ्यात गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी मी ती त्याच जुन्या गेटवर नेली. कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. पहारेकऱ्याने आवाज ऐकून मान वर केली आणि विचारले, "ही त्यांचीच ना?"