मेंदूचा आलेख आणि क्षणाची खूण

मानवी मेंदूतील विद्युत्-व्यापार अहोरात्र चालू असतो. मनुष्य जागा असो वा निद्रिस्त, टाळूवर बसविलेल्या विद्युत्-अग्रांना त्या व्यापाराची चाहूल लागते. ही चाहूल अत्यंत क्षीण असते. पन्नास मायक्रोव्होल्टांची एक लहर म्हणजे विजेरीतील एका साध्या घटाच्या दाबाचा सुमारे तीस हजारावा भाग होय. तरीही विवर्धकाच्या साहाय्याने ती मोठी करून तिचा आलेख काढता येतो. यालाच विद्युत् मस्तिष्कालेख, अथवा रुग्णालयांतून रूढ झालेल्या नावाने ई. ई. जी., असे म्हणतात.

इंग्लंडमधील रिचर्ड केटन यांनी १८७५ साली ससे व माकडे यांच्या मेंदूतील विद्युत्-प्रवाहांची नोंद केली. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली मनुष्याच्या मेंदूचा पहिला आलेख घेतला व १९२९ साली तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदास आठ ते तेरा आंदोलनांची एक ठळक लय दिसते आणि डोळे उघडताच ती मंदावते, ही गोष्ट त्यांच्याच संशोधनातून पुढे आली. तिला अल्फा लय म्हणतात.

कोलाहलातील टाळी

बर्गर यांची लय डोळ्यांना दिसते. परंतु एखादा शब्द वाचताना किंवा अनपेक्षित ध्वनी कानी पडताना मेंदू जो क्षणिक प्रतिसाद देतो, तो सहसा दिसत नाही. तो थोड्याच मायक्रोव्होल्टांचा असल्यामुळे सभोवतीच्या मोठ्या लहरींत बुडून जातो. त्याला वर काढण्याचा उपाय ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज डॉसन यांनी १९५१ साली दाखविला. भरलेल्या बाजारात कोणी एकजण ठरावीक ठोक्याला हळूच टाळी वाजवीत आहे, अशी कल्पना करावी. ती टाळी एकदा ऐकू येणार नाही. परंतु प्रत्येक ठोक्यानंतरच्या एका सेकंदाचे ध्वनिमुद्रण शंभर वेळा घेऊन त्यांची सरासरी काढली, तर बाजाराचा कोलाहल विरत जाईल आणि टाळी तेवढी शिल्लक राहील. गणिताच्या नियमाप्रमाणे शंभर नोंदींच्या सरासरीत असा यादृच्छिक गोंगाट दहापटींनी कमी होतो.

या युक्तीचा सारा भार एका अटीवर आहे. ठोका नेमका केव्हा पडला, हे ठाऊक असले पाहिजे. मेंदूच्या आलेखात हे काम घटना-खूण करते. प्रयोगात चित्र दाखविणारा अथवा ध्वनी ऐकविणारा संगणक त्याच क्षणी नोंद-यंत्राकडे एक विद्युत्-स्पंद पाठवितो. जुन्या पद्धतीच्या समांतर जोडणीत आठ तारांवरून ० ते २५५ यांपैकी एक अंक जातो. १ म्हणजे परिचित चेहरा, २ म्हणजे अपरिचित, असा संकेत आधी ठरलेला असतो. यंत्र आलेखाचे सेकंदास पाचशे नमुने घेत असेल, तर प्रत्येक नमुना दोन मिलिसेकंदांचा असतो आणि खूण त्यांपैकी एका नमुन्याला चिकटते.

नोंदीपासून विश्लेषणापर्यंत

नोंद पूर्ण झाली की ती विश्लेषणाच्या संगणक-प्रणालीत आणावी लागते. २००४ साली वर्णिलेली ईईजीलॅब, २०११ सालची फील्डट्रिप व २०१३ सालची एमएनई-पायथॉन या प्रणाली संशोधकांना विनामूल्य उपलब्ध आहेत. नोंद आत घेण्याचे हे काम यांत्रिक भासते. पण चुका बहुधा याच उंबरठ्यावर शिरतात.

पहिली अडचण निरनिराळ्या मांडण्यांची आहे. १९९२ साली युरोपात ठरलेल्या ई. डी. एफ. मांडणीत प्रारंभी शीर्षलेख व नंतर सोळा बिटांचे अंक असतात. त्या अंकांचे मायक्रोव्होल्टांत रूपांतर कसे करावे, हे शीर्षलेखातील किमान व कमाल मूल्यांवरून कळते. तीत घटना-खुणांसाठी सर्वमान्य जागा नव्हती. ती २००३ सालच्या सुधारित मांडणीने दिली. ब्रेनव्हिजन मांडणीत एकाच नोंदीच्या तीन फाइली असतात: शीर्षलेखाची, खुणांची आणि प्रत्यक्ष लहरींची. शीर्षलेखात उरलेल्या दोघींची नावे लिहिलेली असतात. एखाद्याने व्यवस्थितपणाच्या हेतूने बाहेरून नावे बदलली, तर शीर्षलेख जुन्याच नावांचा शोध घेत राहतो आणि नोंद उघडत नाही.

ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती लगेच ध्यानात येते. घातक असतात त्या निमूट राहणाऱ्या चुका. एक प्रणाली लहरी मायक्रोव्होल्टांत मोजते, दुसरी व्होल्टांत. दोहोंत दहा लाखांचा फरक आहे. एकीत पहिल्या नमुन्याचा क्रमांक १, तर दुसरीत ० असतो. सेकंदास पाचशे नमुन्यांची नोंद अडीचशेवर आणली, पण खुणांचे क्रमांक तसेच ठेवले, तर साठाव्या सेकंदाची खूण एकशेविसाव्या सेकंदावर जाऊन बसते. नोंदीचा मधलाच दूषित भाग कापला, तर पुढील सर्व खुणा त्या मापाने मागे सरकवाव्या लागतात. स्पंद एका नमुन्याच्या अवधीहून आखूड असेल, तर यंत्राच्या तो लक्षातही न येण्याची शक्यता असते. शिवाय सेकंदास साठ वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्राचा अवधी सुमारे १७ मिलिसेकंदांचा असतो. त्यामुळे आज्ञा सुटण्याचा क्षण व चित्र उमटण्याचा क्षण एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून दक्ष प्रयोगशाळांत पडद्याच्या कोपऱ्यावर प्रकाश-संवेदक बसवून हे अंतर प्रत्यक्ष मोजतात.

चुकलेल्या खुणेचे मोल

सर्व खुणा सारख्याच अंतराने चुकल्या, तर प्रतिसादाची लहर तेवढीच पुढे अथवा मागे सरकते. त्या अनियमितपणे चुकल्या, तर सरासरीत लहर पसरट व बुटकी होते. आता अनपेक्षित उद्दीपनानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी येणारी, १९६५ साली सॅम्युएल सटन व सहकाऱ्यांनी वर्णिलेली पी-३०० लहर घ्या. ती उशिरा आली वा बुटकी दिसली, तर मेंदूच्या आकलनशक्तीत काही मंदत्व आले आहे काय, अशी शंका घेतली जाते. ते मंदत्व रुग्णाच्या मेंदूत नसून केवळ फाइलीत असू शकेल, हे आलेख स्वतःहून सांगत नाही. अपस्माराच्या रुग्णाचा झटका कोणत्या क्षणी व मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू झाला, हे चित्रफीत आणि आलेख यांची वेळ जुळवून ठरविताना हीच सावधगिरी हवी. कारण त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून असू शकतो.

हा विषय न्यायालयापर्यंतही पोहोचला आहे. संशयित व्यक्तीच्या मेंदूतील विद्युत्-प्रतिसाद तपासण्याची पद्धत भारतात गुन्हे-अन्वेषणात वापरली गेली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही, असा निर्णय दिला. तो निर्णय नागरिकाच्या हक्कांविषयी होता. परंतु ज्या आलेखावरून माणसाविषयी मत बनवायचे, त्याची प्रत्येक खूण तपासलेली असावी, ही अपेक्षा विज्ञानाचीही आहे.

तपासणीचे उपाय साधे आहेत. नोंद आत घेताच खुणा मोजाव्यात. प्रयोगात दोनशे चित्रे दाखविली असतील, तर दोनशेच खुणा आल्या पाहिजेत. त्यांचा क्रम व परस्परांतील अंतरे प्रयोगाच्या टिपणाशी ताडून पाहावीत. लहरींची उंची व्होल्टांत नव्हे, मायक्रोव्होल्टांत शोभण्याजोगी आहे काय, हे पाहावे. मूळ फाइलींना हात न लावता प्रतीवरच काम करावे. २०१९ साली मेंदू-आलेखांसाठी प्रसिद्ध झालेल्या बिड्स या सामाईक मांडणीत प्रत्येक घटनेची सुरुवात व अवधी सेकंदांत, वेगळ्या साध्या तक्त्यात लिहितात. त्यामुळे ती कोणालाही वाचता येते.

आणखी एक साक्षीदार खुद्द मेंदूच पुरवितो. प्रयोगाच्या आरंभी व्यक्तीस डोळे मिटावयास सांगून तेथे खूण करावी. खूण योग्य जागी असेल, तर बहुतेकांच्या बाबतीत तिच्यामागोमाग डोक्याच्या मागील भागावरील आलेखात अल्फा लय उमटू लागते. लय एकीकडे व खूण दुसरीकडे आढळली, तर विश्लेषण तेथेच थांबवून फाइल पुन्हा तपासावी.