गाडी घेताना फसलात? हे लक्षात ठेवा

• कायदा काय म्हणतो? जुनी किंवा दुरुस्त केलेली गाडी नवी म्हणून विकणे, पक्के बिल न देणे हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते.

• ट्रॅक्टर, टेम्पोचे काय? स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले वाहन असेल, तर मालक ‘ग्राहक’च.

• दाद कुठे? तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. शोरूम पुण्यात असले, तरी जेऊरच्या (ता. करमाळा) ग्राहकाला सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असावी. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही.

• मुदत : तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे.

• ताबा घेण्यापूर्वी : फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र) वरील उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा, चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. जुन्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ते तपासा. मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिसिंगच्या नोंदींशी जुळवा.

• तोंडी आश्वासन नको : सूट, वॉरंटी, मायलेज सारे लेखी घ्या आणि पावत्या जपा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.