आडवाटेने हृदयाकडे

परतवाड्याहून धारणीकडे येणारी मोटार घाट चढून सेमाडोह, हरिसाल ही गावे घेत मेळघाटच्या जंगलातून येते. पावसाळ्यात एखाद्या नाल्याला पूर आला की हा रस्ता अडतो. मग माहीतगार मनुष्य आडवाट धरतो. वाट अरुंद, वेळ दुप्पट. पण मीठ-मिरची गावात पोहोचते. आपल्या हृदयातही असेच घडते, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल.

हृदय साऱ्या देहाला रक्त पुरविते. पण त्याचे स्वतःचे पोट भरते ते त्याच्या अंगावरून गेलेल्या, जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या धमन्यांतून. यांतली एखादी एकाएकी बंद पडली तर झटका येतो, आणि तेथे घटकाघटका मोलाची असते. परंतु चरबीचे थर साचत साचत ती हळूहळू मिटत गेली, तर शेजारच्या धमन्यांतून सूक्ष्म वाटा फुटतात आणि अडलेल्या भागाला पोसत राहतात. तीन महिन्यांहून अधिक काळ पुरती बंद राहिलेली धमनी ती ही. मनुष्य जगतो, पण चढावर पाऊल टाकले की छाती आवळते. कारण आडवाटेने पोटापुरते मिळते, मेहनतीपुरते नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी पूर्वी रोज बाजारापर्यंत फिरावयास जात. पुढे देवळापर्यंत, मग घरच्या ओट्यापर्यंत. विचारले तर म्हणत, "आता दुखत नाही हो!" दुखणार कसे? चालणेच सोडले होते!

हृदयात नळी घालता येते हे १९२९ साली जर्मनीत व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून ती घालून दाखविले. लोकांनी नाके मुरडली. १९५६ साली त्यालाच नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे आंद्रेआस ग्रुंटझिग याने झुरिचला घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिमुकले फुगे घडविले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिल्या रुग्णाची आकसलेली हृदयधमनी त्याने फुग्याने रुंद केली. (स्वयंपाकघरातल्या या पसाऱ्याबद्दल घरच्या मंडळींना काय वाटले असेल!) त्याच्याकडे शिकून आलेल्या डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी ही विद्या आपल्या देशात रुजविली.

आकसलेली धमनी वेगळी, बंद झालेली वेगळी. फुगा जाण्यापूर्वी तार जावी लागते. ही तार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड, आणि समोर चुन्याने कडक झालेली भिंत! पुढून वाट मिळेना, तेव्हा जपानी डॉक्टरांनी मागच्या दाराने शिरण्याची कला वाढविली. शेजारच्या चांगल्या धमनीतून निघावयाचे, निसर्गाने पाडलेल्या त्याच आडवाटांनी तार सरकवीत बंद भागाच्या पलीकडे पोहोचावयाचे आणि उलट्या दिशेने वाट उघडावयाची. मग फुगा, मग धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट. हे काम कित्येकदा दोन-तीन तास चालते. सराईत हातांत दहांपैकी आठ-नऊ वेळा यश येते. मात्र धमनीला छिद्र पडण्याचा धोका असतो, आणि क्ष-किरणांसाठी टोचलेल्या औषधाचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

एवढे करून आयुष्य वाढते काय? तसा भरवसा चाचण्यांनी दिलेला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत नुसत्या औषधांपेक्षा या उपायाने छातीचे दुखणे अधिक कमी झाले, एवढे दिसले. माझ्या मते हे थोडे नव्हे. पण औषधांनीच ज्याला आराम आहे, त्याला मुलांनी हौसेने टेबलावर चढवू नये.

गुरुजींना औषधांनी आराम पडला नव्हता. पुण्याचा मुलगा 'कराच' म्हणे, काकू 'नको' म्हणत. गुरुजींनी डॉक्टरांना एवढेच विचारले, "बाजारापर्यंत जाता येईल ना?" उत्तर 'बहुधा' असे आले, आणि ते तयार झाले. खर्चाची चिंता पूर्वीएवढी नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते.

पहिल्या खेपेस तार गेली नाही. दुसऱ्या खेपेस गेली. आता काकूंनी कपाटाच्या दारावर गोळ्यांचा तक्ता चिकटविला आहे. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून एक दिवसही बंद करावयाच्या नाहीत, म्हणून पावसाळ्यापूर्वी त्या दोन महिन्यांच्या आणून ठेवतात.