बाळाच्या नावाचा डोंगर

विषुववृत्तावरचं शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घामाच्या धारा आणि पंख्याची घरघर उभी राहते. क्विटोला यातलं काही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाची ही राजधानी विषुववृत्ताच्या रेघेपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, पण समुद्रसपाटीपासून तब्बल २८५० मीटर उंच. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी १२०० मीटरचा डोंगर ठेवावा आणि तिथे पंधरा लाखांवर माणसांनी संसार थाटावा, तसं हे शहर. बाराही महिने सकाळी सहाच्या सुमारास उजाडतं, संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतं, आणि बाराही महिने सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो. दुपारचं ऊन मात्र असं चावरं की टोपीशिवाय हिंडलं तर नाक सोलून निघतं.

माझी धाकटी नणंद तिथे असते. तिच्या यजमानांची नोकरी तिकडची. फेब्रुवारीत तिला मुलगा झाला आणि माझ्या शाळेला मे महिन्याची सुट्टी लागताच सासूबाईंना घेऊन मी निघाले. मुंबईहून थेट विमान नाही. युरोपात बदलावं लागतं. घरी पोचून बॅग उघडली तर चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगलेली! सासूबाईंना वाटलं चिवडा नासला. पण तो उंचीचा प्रताप. बाहेरच्या हवेचा दाब कमी, पाकिटातली हवा मुंबईची.

माणसाचंही तसंच होतं. पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागली, डोकं जड झालं, भूक मेली. तिथे नवं जाणाऱ्या प्रत्येकीने हे दोन दिवस हातचे राखून ठेवावेत. हलकं खावं, पाणी भरपूर प्यावं, सावकाश चालावं आणि डोंगराचं नाव काढू नये. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं. सासूबाईंचं आम्ही विचारलं होतं. त्यांना शहरापर्यंत परवानगी होती, त्याच्यावर नाही. बसल्या जागी दम लागू लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर औषध शोधत न बसता माणसाला ताबडतोब खाली उतरवायचं, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. तशी वेळ आली नाही. गंमत म्हणजे आम्ही दोघी धापा टाकत होतो आणि बाळ मजेत पाय झाडत होतं. ते जन्मलंच तिथे!

स्वयंपाकघरात तर उंची पदोपदी आडवी येते. तिथे पाणी शंभर अंशांवर नव्हे, नव्वदच्या आसपासच उकळतं. भांड्यात खळखळून उकळी दिसते, पण त्या उकळीत जोर नसतो. उघड्या पातेल्यातला भात टचटचीत राहतो, तुरीची डाळ तर तासभर ढिम्म हलत नाही. नणंदेने कुकर इथून नेला होता म्हणून निभावलं. त्यातही दोन शिट्ट्या जास्त. इडलीचं पीठ त्या गारठ्यात रात्रभरात फुगत नाही, दीड दिवस लागतो. चहाबद्दल सासूबाईंची तक्रार शेवटपर्यंत होती. ‘उकळला म्हणता, पण रंग कुठाय?’

एकादशीला मात्र त्यांचं काही अडलं नाही. बटाटा मुळात याच अँडीज पर्वतरांगांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, तिथे त्याला युका म्हणतात, तोही तिकडचाच. मंडईत मातीसकट ढिगाने मांडलेला असतो. आपल्या उपासाचं निम्मं ताट त्या खंडातून आलं हे सांगितल्यावर सासूबाई युकाचा कंद हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. बटाटे-चीजच्या टिक्क्या आणि वर दाण्याचा रस्सा, असा ‘यापिंगाचो’ नावाचा पदार्थ मिळतो, तो मी घरी करून पाहिला आणि छान झाला. बाहेर खाताना मात्र ‘सिन कार्ने, सिन पोयो’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, असं दोन्ही सांगावं. नुसतं मांस नको म्हटलं तर कोंबडी येते.

शहर जुनं आणि देखणं. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यात क्विटोचा जुना भाग होता. जेझुइटांच्या ला कोम्पान्या चर्चमध्ये शिरल्यावर भिंती, खांब, छत, सगळीकडे सोन्याचा वर्ख. बांधायला १६०५ पासून १७६५ पर्यंत, एकशे साठ वर्षं लागली. पानेसियो टेकडीवर पंख असलेली मेरीमातेची मूर्ती आहे, अॅल्युमिनियमच्या सुमारे सात हजार तुकड्यांची. तिथे पायी जाऊ नये, टॅक्सीनेच जावं. २०२४ च्या जानेवारीत गुन्हेगारांच्या टोळ्यांमुळे देशात आणीबाणी पुकारावी लागली होती, तेव्हा जाण्याआधी परिस्थितीची चौकशी करावी, आणि दागिने घरीच ठेवावेत. चलन २००० सालापासून अमेरिकन डॉलर. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली मेट्रो स्वच्छ आहे आणि स्वस्तही.

हे सगळं आम्ही पाहिलं ते नणंदेच्या यजमानांबरोबर. ती घरीच. तिसरा महिना संपत आला तरी दवाखान्याखेरीज तिचा पाय बाहेर पडला नव्हता. भाषा येत नाही, बाळाला सर्दी होईल, कुणाकडे सोपवायचं, हजार कारणं. दिवसभर बाळ मांडीवर घेऊन खिडकीशी बसायची. खिडकीतून पिचिंचा डोंगर समोर दिसे आणि त्याच्या अंगावरून वरखाली जाणाऱ्या केबल कारच्या चिमुकल्या पेट्या. ‘वहिनी, रोज मोजते मी त्या,’ एकदा म्हणाली. पुढे काही बोलली नाही.

पिचिंचाला दोन मुख्य शिखरं. एक रुकू, म्हणजे म्हातारा. दुसरं ग्वाग्वा, उच्चार जवळजवळ ‘वावा’. तिथल्या किचवा भाषेत त्याचा अर्थ बाळ. खेड्यातली बाई पाठीला पोर बांधून चालते, ते पोर ग्वाग्वा. २ नोव्हेंबरला पितरांच्या दिवशी बाळाच्या आकाराचे गोड पाव करतात, तेही ग्वाग्वाच. आणि हे बाळ-शिखर ४७८४ मीटरचा जिवंत ज्वालामुखी! कहाणी अशी की चिंबोरासो पर्वत बाप, तुंगुरावा आई आणि ग्वाग्वा पिचिंचा त्यांचं लेकरू. लेकरू रडलं की आई दुरून ओ देते. १९९९ च्या ऑक्टोबरात ग्वाग्वाने राख ओकली, क्विटोचे रस्ते करडे झाले, विमानतळ बंद पडला. त्याच महिन्यात दूरवर तुंगुरावाही खवळली आणि पायथ्याचं बान्योस गाव रिकामं करावं लागलं. शेजारच्या बाईंनी हे हातवारे करून सांगितलं. भाषांतर नणंदेच्या यजमानांचं. सासूबाई ऐकून एवढंच म्हणाल्या, ‘आईचं तसंच असतं.’

केबल कारने वर जायचं मी मनात धरलं होतं, पण मला एकटीला नव्हतं जायचं. बाळाला नेणं शक्य नव्हतं; एवढ्या लहान जिवाला झटक्यात त्या उंचीवर नेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. आईला मात्र हरकत नव्हती. मी विषय काढला तेव्हा सासूबाई फटकन म्हणाल्या, ‘तीन महिन्यांचं पोर टाकून डोंगर कसले चढता?’ मी वाद घातला नाही. नणंद उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीशी बसलेली असताना सासूबाई कितीतरी वेळ तिच्या पाठीकडे बघत होत्या. रात्री मला म्हणाल्या, ‘अगं, दूध काढून ठेवायला सांग तिला. मी सहा पोरं वाढवलीत. तीन तास काय!’

क्विटोचा डोंगर सकाळी बघावा. दुपारी ढग उतरतात आणि पाऊस येतो. आम्ही आठला निघालो. २००५ साली सुरू झालेली ही केबल कार वीसेक मिनिटांत जवळजवळ ४००० मीटरवर नेऊन सोडते. वर झाडं नाहीत, नुसतं पिवळसर गवत आणि भणाणता वारा. खाली दोन डोंगररांगांच्या मध्ये लांबच लांब पसरलेलं शहर. आमचं नशीब चांगलं, ढग फाटले आणि कोतोपाक्सीचा बर्फाळ शंकू दिसला. याच डोंगराच्या उतारावर २४ मे १८२२ रोजी सुक्रेच्या सैन्याने स्पॅनिश फौजेचा पराभव केला आणि क्विटो स्वतंत्र झालं. इथे वीस पावलं चालून मला थांबावं लागत होतं. त्या माणसांनी बंदुका वाहून लढाई कशी केली असेल, देव जाणे. रुकू शिखराची वाट तिथूनच निघते, पण तिला अर्धा दिवस हवा, आणि ती सोबतीशिवाय धरू नये.

नणंद कठड्याशी उभी राहून आपली इमारत शोधत होती. सापडली नाही. मग आमची दोघींची हसून हसून वाट लागली आणि धाप लागली म्हणून पुन्हा बसलो. ‘घरी फोन करू का, वहिनी?’ तिने दोनदा विचारलं. केला नाही. तिसऱ्यांदा केला. बाळ झोपलं होतं, आणि उगाच फोन करू नका असा निरोप होता.

उतरताना तिने पायथ्याच्या दुकानातून जाड विणीची लाल शाल घेतली. शेजारच्या बाईंनी ती पाठीशी कशी बांधायची ते दोन दिवस दाखवलं. आधी उशी बांधून, मग बाळ. सासूबाईंचा जीव वरखाली होत होता. पुढच्या मंगळवारी ती बाळाला बांधून मेट्रोने एकटीच सान फ्रान्सिस्कोच्या चौकापर्यंत गेली आणि येताना शेरभर युका घेऊन आली.