साध्या आजाराला तातडीचे दार

अमेरिकेतील आरोग्यखर्चावर बोलणारा राजकारणी कोणत्याही पक्षाचा असो, एक तक्रार तो हमखास करतो : लोक घसा दुखला, कान ठणकला किंवा रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, म्हणजे तेथील रोजच्या बोलण्यातल्या ‘ईआर’मध्ये जातात आणि त्यापायी सगळ्यांचाच खर्च वाढतो. या तक्रारीला आकड्यांचा आधार सहज मिळतो. २०२२ साली या विभागांत सुमारे साडेपंधरा कोटी भेटींची नोंद झाली, म्हणजे तेहेतीस कोटींच्या देशात दर दोन माणसांमागे जवळजवळ एक भेट. पण भेटी पुष्कळ आहेत एवढ्यावरून त्या अनाठायी ठरत नाहीत, आणि त्या महाग आहेत म्हणून महागाईचे खापर रुग्णाच्या सवयीवर फोडता येत नाही. सार्वजनिक चर्चेत या दोन गोष्टींची गल्लत इतकी रुळली आहे की, ‘अतिवापर’ हा आजार मानून त्यावर चाळीस वर्षे उपाय शोधले गेले आणि मूळ दुखणे, म्हणजे साध्या उपचाराची किंमत आणि त्याची दुर्मिळता, तसेच राहिले.

हा विभाग सर्वांना खुला का, याचे उत्तर १९८६ च्या एका कायद्यात आहे. त्यापूर्वी विमा नसलेला रुग्ण दारात आला की अनेक खासगी रुग्णालये त्याला रुग्णवाहिकेत घालून सरकारी रुग्णालयाकडे पिटाळत. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात अशा रीतीने पोहोचलेल्या ४६७ रुग्णांची पाहणी तेथील डॉक्टरांनी केली आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ती १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले की, ८७ टक्के रुग्ण पुरेसा विमा नाही याच कारणासाठी हलवले गेले होते आणि जवळजवळ एक चतुर्थांश रुग्णांची प्रकृती हलवण्याइतकी स्थिरही नव्हती. त्याच वर्षी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सहीने ‘एम्टाला’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा कायदा आला. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाने, म्हणजे व्यवहारात जवळजवळ प्रत्येक रुग्णालयाने, आपत्कालीन विभागात येणाऱ्या कोणाचीही तपासणी केली पाहिजे आणि प्रकृती धोक्यात असल्यास ती स्थिर होईपर्यंत उपचार केले पाहिजेत, असे बंधन त्याने घातले. मात्र या कामासाठी कायद्याने एका डॉलरचीही तरतूद केली नाही, फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यावर असे कोणतेही बंधन घातले नाही, आणि उपचार नाकारता येत नसले तरी नंतर बिल पाठवण्याची मुभा शाबूत ठेवली. वसुलीसाठी काढलेल्या वैद्यकीय थकबाकीचा आकडा २०२२ मध्ये ग्राहक-वित्त संरक्षण विभागाने ८८ अब्ज डॉलर असा दिला होता. त्याचे मूळ अंशतः या मुभेत आहे.

आता किमतीकडे वळता येईल. आपत्कालीन विभाग हा अग्निशमन दलासारखा असतो : आग लागो न लागो, माणसे आणि यंत्रे चोवीस तास सज्ज ठेवावी लागतात आणि खर्चाचा मोठा भाग या सज्जतेचाच असतो. त्यामुळे कान दुखणारा आणखी एक रुग्ण आला तर विभागाचा खर्च प्रत्यक्षात फारसा वाढत नाही. मिशिगनमधील सहा रुग्णालयांच्या हिशेबांवरून १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तातडी नसलेल्या भेटीचा सरासरी खर्च ६२ डॉलर, तर अशा आणखी एका भेटीमुळे पडणारा वाढीव खर्च केवळ २४ डॉलर निघाला होता. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या बिलाचा या आकड्यांशी संबंध जुळत नाही, कारण ते खर्चावरून काढलेलेच नसते. त्यात डॉक्टरांचे शुल्क वेगळे असते आणि विभागाचा उंबरा ओलांडल्याबद्दलचे ‘फॅसिलिटी फी’ हे शुल्क वेगळे असते. हे दुसरे शुल्क एक ते पाच अशा पायऱ्यांवर आकारले जाते आणि कोणती पायरी लावायची हे रुग्णालय आपल्याच निकषांनी ठरवते. दर येतात ‘चार्जमास्टर’ नावाच्या रुग्णालयाच्या दरसूचीतून. मोठ्या विमा कंपन्या घासाघीस करून या दरांत भरघोस सूट मिळवतात, म्हणून छापील किंमत सहसा त्याच माणसाच्या वाट्याला येते ज्याच्या पाठीशी घासाघीस करणारे कोणी नसते.

टेक्सासमध्ये तर ही दररचना धंद्याचे साधन झाली. तेथे रुग्णालयापासून वेगळे, एखाद्या बाजारसंकुलात उभे राहणारे आपत्कालीन विभाग काढायला २००९ च्या कायद्याने परवाना मिळू लागला. शेजारीच ‘अर्जंट केअर’ म्हणजे वेळ न ठरवता जाता येईल असा दवाखाना असतो आणि दोन्हींच्या पाट्या दुरून सारख्याच दिसतात. एका मोठ्या विमा कंपनीच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात २०१५ सालचा सरासरी दर अर्जंट केअरमध्ये १६८ डॉलर, सुट्या आपत्कालीन विभागात २,१९९ डॉलर आणि रुग्णालयाच्या विभागात २,२५९ डॉलर आढळला, आणि निदान एकच असले तरी फरक दहापटींच्या आसपास राहत होता. उवे राइनहार्ट, जेरार्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले होते की, अमेरिकेचा आरोग्यखर्च इतर श्रीमंत देशांहून अधिक आहे तो तेथील लोक जास्त वेळा डॉक्टरकडे जातात म्हणून नव्हे, तर प्रत्येक सेवेचा दर जास्त आहे म्हणून. २०२३ मध्ये हा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्क्यांवर, दरडोई साडेचौदा हजार डॉलरच्या घरात गेला, तरी दोष देण्याची दिशा बदललेली नाही.

अनावश्यक भेट ओळखायची कशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घरी निघताना रुग्णाच्या कागदावर जे निदान असते त्यावरून ‘हा उगाच आला’ असे ठरवले जाते. पण रुग्ण येतो तो निदान घेऊन नव्हे, लक्षण घेऊन. छातीत जळजळ घेऊन आलेल्या दोघांपैकी एकाला पित्त असते आणि एकाला हृदयविकाराचा झटका, आणि हा फरक कळण्यासाठीच तो विभाग असतो. २०१३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकातील अभ्यासात साध्या दवाखान्यात भागले असते अशा भेटी निदानावरून ६.३ टक्केच निघाल्या, परंतु त्या रुग्णांची जी सुरुवातीची लक्षणे होती तीच एकूण ८८.७ टक्के भेटींत आढळली. १९९७ पासून मेडिकेअर आणि गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी विम्यासाठी कायद्याने सामान्य समजुतीच्या माणसाची कसोटी मान्य केली आहे : वैद्यकीय ज्ञान नसलेल्या सुजाण माणसाला लक्षणांवरून धोका वाटला असेल, तर निदान काहीही निघो, भेट तातडीचीच मानायची. असे असूनही काही विमा कंपन्यांनी मागाहून निदान पाहून दावे नाकारण्याची धोरणे गेल्या दशकात आणली, आणि आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने त्यांविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले.

गर्दीविषयीचा समजही असाच तपासून पाहावा लागतो. किरकोळ रुग्णांमुळे गंभीर रुग्ण ताटकळतात, असे म्हटले जाते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या ११० विभागांच्या पाहणीत मात्र आठ तासांत असे दहा जास्त रुग्ण आले तर इतरांना डॉक्टर भेटायला सरासरी दोन मिनिटांचाच उशीर होतो असे दिसले. खरी कोंडी होते ती भरती करायचे ठरलेल्या रुग्णाला वर वॉर्डात खाट मिळत नाही आणि तो तासन्‌तास खालीच पडून राहतो त्यामुळे.

मग लोक साध्या दवाखान्यात का जात नाहीत? प्राथमिक उपचारांवर अमेरिका एकूण आरोग्यखर्चाच्या जेमतेम पाच टक्के रक्कम खर्च करते. १९९२ पासून चालू असलेल्या मेडिकेअरच्या शुल्कमापनात शस्त्रक्रिया आणि तपासण्यांना घसघशीत मोल मिळते, तर रुग्णाशी बसून बोलण्याला कमी, आणि हे मोल सुचवणाऱ्या डॉक्टरांच्या समितीत विशेषज्ञांचे बहुमत असते. दोन लाख डॉलरच्या आसपास शैक्षणिक कर्ज घेऊन बाहेर पडणारा तरुण डॉक्टर फॅमिली डॉक्टर होण्याचे टाळतो, यात नवल नाही. जे दवाखाने आहेत ते संध्याकाळी पाचला बंद होतात, नव्या रुग्णाला पुढची तारीख देतात, मेडिकेडचा रुग्ण अनेकदा घेतच नाहीत. नोकरीतून विमा मिळालेल्यालाही ‘डिडक्टिबल’ आडवे येते : वर्षाकाठी ठरावीक रक्कम, एकट्या माणसासाठी सरासरी सतराशे-अठराशे डॉलर, खिशातून गेल्यावरच विमा पैसे देऊ लागतो. दातांची तर गोष्टच निराळी, कारण प्रौढांच्या दंतोपचारांचा खर्च उचलणे मेडिकेडमध्ये राज्यांवर बंधनकारक नाही. त्यामुळे दरवर्षी सुमारे वीस लाख भेटी दातदुखीसाठी होतात, जिथे दात काढणारे कोणी नसते आणि रुग्ण प्रतिजैविके व वेदनाशामके घेऊन, तोच किडका दात तोंडात ठेवून परततो.

‘सर्वांना विमा द्या, ईआरची गर्दी आपोआप ओसरेल’ हे उदारमतवाद्यांचे लाडके अनुमानही पुराव्यापुढे टिकलेले नाही. ओरेगॉन राज्याने २००८ मध्ये मेडिकेडच्या मर्यादित जागांसाठी चक्क सोडत काढली. सुमारे नव्वद हजारांनी नावे दिली आणि तीस हजारांच्या आसपास निवडली गेली, त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची निखळ तुलना करण्याची दुर्मिळ संधी संशोधकांना लाभली. पोर्टलंड परिसरातील रुग्णालयांच्या नोंदींवरून दिसले ते असे की, विमा मिळालेल्यांच्या आपत्कालीन भेटी पहिल्या दीड वर्षात सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. दवाखान्यातल्या भेटीही वाढल्या, नैराश्य कमी झाले, उपचारांपायी कंगाल होण्याचा धोका जवळपास नाहीसा झाला; परंतु एक सेवा दुसरीची जागा घेत नव्हती, दोन्ही एकत्र वाढत होत्या. उलट बाजूने, लोकांना पैसे मोजायला लावले तर काय होते हे १९७० च्या दशकातील ‘रँड’ संस्थेच्या प्रयोगाने आधीच दाखवले होते : उपचार घेणे कमी होते खरे, पण अनावश्यक उपचारांइतकेच आवश्यक उपचारही लोक टाळतात.

व्यवस्था स्वतःच आणीबाणी कशी घडवते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण डायलिसिसचे आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या नागरिकाला १९७२ च्या दुरुस्तीमुळे वयाची अट न लावता मेडिकेअर मिळते, पण कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरिताला ते मिळत नाही. काही राज्ये अशा रुग्णाला आठवड्यातून तीनदा ठरलेल्या वेळी डायलिसिस देतात. इतर राज्यांत त्याला रक्तातील पोटॅशियम जीवघेण्या पातळीला जाईपर्यंत, श्वास कोंडेपर्यंत थांबावे लागते, कारण तोवर त्याची अवस्था कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. प्रकृती पुरेशी बिघडलेली नसेल तर तपासून परत पाठवले जाते आणि पुढच्या दिवशी तो पुन्हा दारात येतो. डेन्व्हर आणि ह्यूस्टनमधील अशा रुग्णांची तुलना सॅन फ्रान्सिस्कोतील नियमित डायलिसिस मिळणाऱ्यांशी करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पाच वर्षांतील मृत्यूचा धोका चौदापटींहून अधिक आढळला, आणि रुग्णालयात काढलेले दिवस जवळजवळ दहापट. म्हणजे उपचार नाकारून पैसाही वाचत नव्हता. कोलोरॅडोने २०१९ मध्ये आणीबाणीची आपली व्याख्या बदलून नियमित डायलिसिसचा त्यात समावेश केला. सगळ्या राज्यांनी तसे केलेले नाही.

याउलट वारंवार येणाऱ्या मोजक्या रुग्णांना हेरून त्यांची घरपोच काळजी घेण्याची कल्पना फार गाजली. न्यू जर्सीतील कॅम्डेन शहरात डॉक्टर जेफ्री ब्रेनर यांना एक टक्का रुग्णांवर तीस टक्के खर्च होताना दिसला; महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टर वडिलांचे पुत्र, शल्यविशारद अतुल गावंडे यांनी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्यावर लिहिले आणि हा प्रयोग देशभर पोहोचला. मात्र आठशे रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून घेतलेल्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला तेव्हा सहा महिन्यांत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण मदत मिळालेल्यांत ६२.३ आणि न मिळालेल्यांत ६१.७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. ज्याचे वर्ष फार वाईट गेले त्याचे पुढचे वर्ष बहुधा थोडे बरे जातेच, एवढाच पूर्वीच्या यशाचा बराचसा अर्थ होता.

मराठी घरांना या व्यवस्थेची ओळख होते ती बहुधा मुलाकडे-मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांमुळे. भारतातून घेतलेला प्रवासी विमा किंवा तेथे घेतलेला अभ्यागत विमा पुष्कळदा जुन्या आजारांना पूर्ण संरक्षण देत नाही, आणि ठरावीक रक्कमच देणारी स्वस्त योजना घेतली असेल तर बिलाचा मोठा भाग मुलांच्या अंगावर येतो. म्हणून गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा सामानात भरणे आणि जवळचे अर्जंट केअर आधीच पाहून ठेवणे, ही तेथल्या मराठी मंडळींची खबरदारी चिक्कूपणाची नाही. अनपेक्षित बिलांना आळा घालणारा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला खरा, पण तो विशिष्ट प्रकारच्या विम्यांपुरता आहे आणि रस्त्यावरून धावणारी रुग्णवाहिका त्यातून वगळली आहे.

२०१० च्या विमा-सुधारणेनंतर विमा नसलेल्यांचे प्रमाण सोळा टक्क्यांवरून आठच्या आसपास आले होते. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने मेडिकेडचा निधी कमी केला असून २०३४ पर्यंत आणखी सुमारे एक कोटी लोकांचा विमा जाईल, असा अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. एम्टालाचे बंधन मात्र कायम आहे. या लोकांच्या तपासणीचा खर्च रुग्णालयांनी सोसावा, राज्यांनी उचलावा की तो इतर विमाधारकांच्या दरांत मिसळला जावा, हे १९८६ च्या कायद्याने ठरवले नव्हते आणि २०२५ च्या कायद्यानेही ठरवलेले नाही.