काचेची पाटी आणि गावची शाळा



अलीकडे गावोगावच्या ग्रामसभेत एक विषय हमखास निघतो. "शेजारच्या गावच्या शाळेत टॅब आले, आपल्या शाळेत कधी येणार?" कुणी म्हणतो लोकवर्गणी काढू, कुणी म्हणतो यात्रेच्या शिलकीतले पैसे घालू. आणि मागे बसलेले एखादे आजोबा हळूच विचारतात, "घरात पोरांच्या हातनं मोबाईल सुटंना, आणि आता शाळेतबी तेच देणार व्हय?" दोन्ही बोलणी खरी आहेत. म्हणून आज या काचेच्या पाटीचा विचार जरा सावकाशीने करू. ती आहे तरी काय, तिच्याने काय साधते, काय साधत नाही, आणि वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी गावाने काय विचारून घ्यावे, एवढेच आजचे बोलणे.

टॅब म्हणजे मोठ्या पडद्याचा मोबाईल, असे समजले तरी चालेल. त्याच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणारी एक बारीक जाळी असते आणि तिच्यावर विजेचा अगदी सूक्ष्म भार असतो. आपल्या अंगातून वीज वाहू शकते. त्यामुळे बोट टेकले की तेवढ्या जागेवरचा भार किंचित बदलतो आणि बोट कोठे टेकले हे यंत्राला कळते. म्हणूनच कोरड्या काडीने टोचले तर ही पाटी दाद देत नाही, आणि ओल्या हाताने तिचा घोटाळा होतो. पाटी-पेन्सिलीची सवय असलेली मुले जोर देऊन लिहितात. येथे जोराचे काम नाही, हे गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगावे. काचा वाचतील.

आता दुसरी गोष्ट पाहा. आपल्या मुलांच्या बालभारतीच्या पुस्तकांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. जपानात १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो निघाला. ठिपक्यांच्या मांडणीत एक पत्ता लपवलेला असतो. मोबाईलचा कॅमेरा तो वाचतो आणि त्या पत्त्यावर ठेवलेली कविता, चित्र किंवा धडा उघडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा चौकोन पाठ्यपुस्तकाला जोडला. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. म्हणजे हे काम शहरातच होते, खेड्यात नाही, असे समजण्याचे कारण उरलेले नाही.

पण श्रोतेहो, यंत्र आले म्हणजे विद्या आली का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. ते आपल्याच मुलखात सापडते, आणि तेही रेडिओच्या पेटीत.

१९५६ सालची गोष्ट. पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकरी मंडळांचा एक प्रयोग केला. कल्पना मूळची कॅनडातली. फेब्रुवारी ते एप्रिल अशा दहा आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात मंडळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत बोलत आणि आपल्या शंका आकाशवाणीला लिहून पाठवीत. पॉल न्यूरथ नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी याची कसून पाहणी केली. त्यांनी तीन तऱ्हेची गावे ताडून पाहिली. काही गावांत मंडळ होते, काही गावांत नुसता रेडिओ होता, काही गावांत दोन्ही नव्हते. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. मंडळ नसलेल्या गावांत, रेडिओ असूनही, ती जेमतेमच वाढली.

पेटी तीच, आवाज तोच, कार्यक्रम तेच. फरक पडला तो ऐकल्यानंतर माणसे एकत्र बसून बोलली, याचा. टॅबच्या बाबतीत ही एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी.

पुढे साठ वर्षांत जे अनुभव आले ते हेच सांगतात. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तेथील सरकारने 'प्रत्येक मुलाला एक संगणक' या योजनेखाली खेड्यापाड्यांतल्या मुलांना छोटे संगणक वाटले. ३१९ शाळांची तपासणी झाली आणि २०१२ साली तिचा अहवाल आला. मुलांच्या हातात संगणक आले होते, ती ते वापरतही होती. पण गणितात आणि भाषेत काही प्रगती दिसली नाही. यंत्र दिले, पण त्यावर काय शिकवायचे आणि शिक्षकाने काय करायचे याची घडी बसली नव्हती. बैल आणला, पण औताला जुंपलाच नाही, अशातली गत.

आता आपल्या शेजारच्या गुजरातचे दोन दाखले घ्या. बडोद्याच्या महानगरपालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे असे बसवून, गणिताचे खेळ दिले. मुलांचे गणित चांगलेच सुधारले. मात्र प्रयोग संपल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला. म्हणजे हे काम एकदा पेरून विसरण्याचे नाही. दुसरा दाखला ज्ञानशाळा या संस्थेच्या शाळांतला. तेथे काही ठिकाणी शिक्षकाच्या तासाऐवजी संगणकाचा तास ठेवला. त्या मुलांची प्रगती मागे पडली. काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, शिक्षकाच्या शिकवण्यात भर म्हणून, तोच तास दिला. तेथे फायदा झाला, आणि मागे पडलेल्या मुलांना जास्त झाला. शिक्षकाच्या जागी यंत्र बसवले तर तोटा. शिक्षकाच्या हाताशी दिले तर नफा. हिशेब इतका सरळ आहे.

तुम्ही म्हणाल, मग फळा आणि खडू काय वाईट? वाईट मुळीच नाहीत. पण एका ठिकाणी टॅब फळ्याच्या पुढे जातो, ते ठिकाण ओळखले पाहिजे. 'असर' नावाची ग्रामीण शिक्षणाची पाहणी आहे. तिच्या २०२४ च्या आकड्यांप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमीच मुले दुसरीच्या पुस्तकातला मजकूर नीट वाचू शकत होती. म्हणजे पाचवीच्या एकाच वर्गात कुणी पाचवीचे, कुणी तिसरीचे, तर कुणी अजून जोडाक्षरांशी झगडणारे असते. फळ्यावरचा धडा सर्वांना एकच. गुरुजी कितीही तळमळीचे असले, तरी तीस मुलांना तीस गणिते एकाच वेळी कशी देणार?

येथे टॅब उपयोगी पडतो. मूल चुकले तर तो सोपे गणित देतो, बरोबर आले तर एक पायरी वर नेतो; आणि दहाव्यांदा चुकले तरी रागावत नाही. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर असाच एक प्रयोग झाला. शाळेनंतर दीड तास केंद्र चाले. त्यातला निम्मा वेळ मूल संगणकावर आपल्या पायरीचा अभ्यास करी आणि निम्मा वेळ लहान गटात शिक्षक शिकवीत. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारले. येथेही माणूस बाजूला काढलेला नव्हता, हे लक्षात घ्या.

आपल्याकडच्या दोनशिक्षकी शाळांना तर ही सोय फार मोलाची आहे. एकाच खोलीत पहिली आणि तिसरी बसतात. बाई पहिलीला अक्षरे गिरवायला शिकवतात, तोवर तिसरी नुसती पाढे घोकत बसते किंवा खिडकीबाहेर बघते. त्या वेळी तिसरीच्या मुलांना दोघादोघांत एक टॅब देऊन वीस मिनिटे वजाबाकीचा सराव द्यावा. मग बाईंनी त्यांच्याकडे वळावे आणि विचारावे, "कोण कुठं अडलं? हातचा का घेतलास?" ती पाच मिनिटे चुकवू नयेत. १९५६ च्या मंडळांत पेटी बंद झाल्यावर जे बोलणे होई, तेच हे.

आता खर्चाचे आणि देखभालीचे बघू. २०११ साली केंद्र सरकारने 'आकाश' नावाचा अतिस्वस्त टॅब विद्यार्थ्यांसाठी आणला होता. किंमत सुमारे पन्नास डॉलर. पण तो संथ चाले, त्याची बॅटरी लवकर उतरे, आणि मोठा गाजावाजा होऊनही योजना रुजली नाही. तेव्हा केवळ किंमत बघून माल घेऊ नये. पहिला प्रश्न विजेचा. एका टॅबला भारित व्हायला साधारण दहा वॅट लागतात. वीस टॅब म्हणजे दोनशे वॅट. तीन पंख्यांपेक्षाही कमी. तीन तास लावले तर पाऊण युनिटसुद्धा होत नाही. वीज थोडीच लागते, पण ती असावी तर लागते! बिल थकल्यामुळे शाळांची जोडणी तुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून टॅबची वर्गणी काढण्याआधी विजेच्या बिलाची तजवीज करा. दुसरा प्रश्न ठेवण्याचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या खोलीत बॅटरीचे आयुष्य घटते. कुलपाचे, सावलीचे कपाट हवे. तिसरा प्रश्न रेंजचा. रेंज नसली तरी अडत नाही. धडे तालुक्याच्या गावी उतरवून मेमरी कार्डावर आणता येतात. पण ते काम कोण करणार, त्याचे नाव आधी ठरले पाहिजे. चौथा प्रश्न दुरुस्तीचा. जमलेल्या रकमेतला काही भाग काढून ठेवला नाही, तर पहिली काच फुटली की टॅब कपाटात जातो आणि धूळ खातो.

आता त्या मागे बसलेल्या आजोबांच्या शंकेकडे येऊ. त्यांची भीती पोकळ नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण एकाएकी मोबाईलवर आले. २०२१ च्या 'असर' पाहणीत देशभरातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसले; पण त्यांतल्या चारांपैकी एकाला तो अभ्यासाला हातात मिळतच नव्हता. फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जायचा. पुढे २०२४ साली चौदा ते सोळा वयाच्या मुलांना विचारले, तेव्हा आधीच्या आठवड्यात फोनवर शिक्षणाचे काही केलेली शंभरांत सत्तावन्न निघाली, आणि समाजमाध्यमे पाहिलेली शहात्तर. शिवाय फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन शंभरांत छत्तीस मुलग्यांकडे होता, मुलींमध्ये सत्तावीस जणींकडेच. घरात एकच फोन असला तर तो भावाच्या हातात, आणि बहीण भांड्यांपाशी, हे आपल्याला नवे नाही. शाळेचा टॅब येथे एक न्याय करू शकतो. शाळेत पाळी पटावरच्या क्रमाने येते; मुलगा-मुलगी बघून येत नाही. घरी ज्या मुलीला फोन मिळत नाही, तिची पाळी शाळेत चुकू नये, एवढे बाईंनी आणि गुरुजींनी कटाक्षाने पाहावे.

आणि पडदा बंद कधी करायचा, हे गाव ठरवू शकते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली तसा ठराव केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास घरोघरचे मोबाईल आणि टीव्ही बंद व्हायचे. तेवढ्या वेळात मुलांनी अभ्यासाला बसायचे. यात सर्वांत मोठी गोष्ट अशी की मोठ्यांनीही आपले फोन खाली ठेवले. बापाने रील बघत बसायचे आणि पोराला पुस्तक उघड म्हणायचे, हे चालत नाही.

या सर्व गोष्टी ठरवणार कोण? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे तो कायदा म्हणतो. ही समिती कागदावर ठेवू नका. टॅब किती आले हे तिने एकदा विचारावे. पण दर तीन महिन्यांनी हे विचारावे, की मागच्या वेळी न वाचणारी किती मुले आता वाचू लागली? खरे मोजमाप हेच. उद्घाटनाचा फोटो हे मोजमाप नव्हे.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवणे आहे. पुढच्या पालकसभेत हे भाषण पाच-दहा मिनिटांत वाचून दाखवा, आणि मग पुस्तिका मिटून ठेवा. विजेचे बिल कोण भरणार, कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार, कुठल्या वर्गाला कोणता तास द्यायचा, आणि संध्याकाळी घरचे फोन किती वेळ बंद राहणार, या चार प्रश्नांवर आईबापांना बोलू द्या. मागे बसलेल्या आजोबांना पुढे बोलवा. त्यांचा प्रश्न पहिला घ्या. चारही उत्तरे मिळाली तर खुशाल पावती पुस्तक उघडा. न मिळाली तर टॅब आणखी सहा महिने थांबले तरी बिघडत नाही. तोवर तेच पैसे वाचनालयाच्या पुस्तकांना लावा.