खडखडणारी तार आणि भलतीकडे शोधलेला दोष

डेट्रॉइटमधल्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन साठच्या दशकात जी बेस गिटार वाजवत असे, ती आजच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात आली असती तर कारागिराने कपाळाला हात लावला असता. १९६२ची फेंडर प्रिसिजन, बोटांची परीक्षा पाहणाऱ्या उंच तारा, आणि तुटल्याशिवाय तारा बदलायच्या नाहीत हा मालकाचा हट्ट. तरी १९६४च्या ‘माय गर्ल’पासून मोटाउनच्या कितीतरी गाण्यांचा पाया जेमर्सनच्याच बेसने घातला.

देखभालीचा कंटाळा असलेले वादक हे उदाहरण हौसेने देतात. पण जेमर्सनला कोणता आवाज हवा ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच्या चपट्या वेढ्याच्या जाड तारा त्याच गोल, बुटक्या आवाजासाठी होत्या. बाकीच्यांची अडचण वेगळी असते. आवाज बिघडतो एका ठिकाणी, पान्हा लागतो दुसऱ्याच ठिकाणी, आणि शेवटी नवं वाद्य घ्यायचं ठरतं.

गैरसमज : तारा उंच वाटल्या की ट्रस रॉड आवळावा

मानेच्या आत बसवलेला हा पोलादी गज गिब्सन कंपनीत थॅडियस मॅकह्यू याने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केला, तो तारांची ओढ मानेला पेलावी म्हणून. ही ओढ थोडीथोडकी नसते. दहाच्या, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाडीची असलेल्या, संचातल्या सहा तारा मिळून गिटारची मान सुमारे ४५ किलोच्या जोराने खेचतात, तर ३४ इंची बेसच्या चार तारांचा एकत्रित जोर ७० किलोच्या आसपास जातो. त्या ओढीने मान धनुष्यासारखी किंचित वाकते. थोडा बाक हवाच असतो, कारण कंप पावणाऱ्या तारेला मधल्या भागात झुलायला जास्त जागा लागते. ट्रस रॉडने हा बाक कमी-जास्त होतो, एवढंच त्याचं काम. तारांची उंची ठरते ब्रिजवरच्या सॅडलच्या स्क्रूंनी, आणि पहिल्या एक-दोन फ्रेटांपाशी नटच्या खाचांनी.

बाक मोजायला महागडं काही लागत नाही. गॅरेजमध्ये टॅपेट लावायला वापरतात ती फीलर गेज चालते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहायची. फेंडर कंपनीच्या मापांनुसार ९.५ ते १२ इंच त्रिज्येच्या फिंगरबोर्डवर ही फट गिटारला ०.२५ मिलिमीटर आणि बेसला ०.३ मिलिमीटर असावी. ते जमल्यावर सतराव्या फ्रेटपाशी तारांची उंची पाहायची. गिटारला साधारण १.६ मिलिमीटर, बेसच्या जाड तारेला २.४. हा क्रम उलटा केला तर बाक बदलताना आधी लावलेली उंची बिघडते आणि वादक गोल गोल फिरत राहतो.

खडखड कुठे होते, यावरूनही बरंच कळतं. फक्त मोकळी तार खडखडत असेल तर नटची खाच खोल गेलेली असते. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर आवाज येत असेल तर बाक कमी पडतोय. बाराव्याच्या पुढेच येत असेल तर सॅडल खाली बसलंय किंवा एखादा फ्रेट उचलला गेलाय. रॉड एका वेळी पाव फेराच फिरवावा, पुन्हा सूर लावावा आणि मग मोजावं. मे महिन्यात चोख असलेली मान जुलैत मुंबई-पणजीच्या दमट हवेत थोडी हलते, कारण लाकूड ओलावा शोषतं. हा बिघाड नाही, पण तेव्हा माप पुन्हा घ्यावं लागतं.

गैरसमज : सगळ्या तारा एकदम काढल्या तर मान कायमची वाकते

कारखान्यात आणि कारागिराच्या टेबलावर मान तासन्‌तास बिनतारांची पडून असते. फ्रेट घासणं, फिंगरबोर्ड स्वच्छ करणं ही कामं तारा असताना नीट होतच नाहीत. तारा पुन्हा चढल्या की मान आपल्या जागी येते. अपवाद तरंगत्या ट्रेमोलो ब्रिजचा. तिथे मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या तारा यांचा तोल साधलेला असतो. सगळ्या तारा काढल्या की ब्रिज मागे खेचला जातो आणि तोल पुन्हा जमवताना वेळ जातो. ब्रिजखाली लाकडाचा तुकडा सरकवला की तेही निभतं.

गैरसमज : जाड तार, जाड आवाज

या समजामागे स्टीव्ही रे वॉनचं नाव असतं. तो गिटारला तेराचा संच लावायचा, हे खरं. पण तो अर्धा स्वर खाली सूर लावायचा, त्यामुळे ताण कमी व्हायचा, ही अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते. त्याच टेक्सासमधल्या झीझी टॉपचा बिली गिबन्स सातच्या, म्हणजे ०.००७ इंच जाडीच्या तारेवर वाजवतो, आणि त्याच्या आवाजाला कुणी किरकोळ म्हणत नाही. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमीने वयाच्या सतराव्या वर्षी दोन बोटांची टोकं गमावली. मग त्याने हलक्या तारा लावल्या आणि पुढे सूरही खाली उतरवले. ब्लॅक सॅबथच्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधला जडशीळ आवाज अशा ढिल्या तारांचा आहे.

जाड तारेत धातू जास्त, म्हणून पिकअपमधून सिग्नल थोडा जोरात येतो आणि ताणही वाढतो. संच बदलला की मानेचा बाक, सॅडल आणि कधी कधी नटच्या खाचाही पुन्हा जुळवाव्या लागतात. नव्या तारा लावल्यावर गिटार ‘बिघडली’ अशी तक्रार होते तेव्हा बहुधा हेच राहून गेलेलं असतं.

तारा कधी बदलाव्यात, याचंही एकच उत्तर नाही. वेढ्यांत घाम आणि मळ साठला की तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही. वरचे नाद मरतात आणि सूरही डळमळतो. द हूचा जॉन एन्टव्हिसल याला बेसमधून पियानोसारखी चमक हवी होती. १९६६मध्ये रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून त्याने गोल वेढ्याच्या पोलादी तारा घडवून घेतल्या. अशा तारांची चमक लवकर उतरते. जेमर्सनला ती चमक नकोच होती. बेसच्या तारा पाण्यात उकळून मळ निघतो आणि थोडे दिवस उजळपणा परततो, पण फ्रेटवर घासून पडलेल्या खाचा भरून येत नाहीत.

गैरसमज : ट्यूनर हिरवा झाला की गिटार सगळीकडे सुरेल

बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर जुळायला हवेत. दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल मानेपासून लांब न्यायचं, उतरता लागला तर जवळ आणायचं. तार दाबली की ताणली जाते आणि जाड तार ताठही असते, म्हणून बेसची सॅडल्स एका रेषेत न राहता पायरीपायरीने मागे-पुढे दिसतात. हे काम सर्वांत शेवटी करायचं, कारण उंची बदलली की हा हिशेब पुन्हा बदलतो.

एवढं करूनही तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला गिटारवरचा गांधार चढा वाटतो. कान चुकत नाही. शुद्ध गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो आणि फ्रेट ज्या समान विभागणीवर ठोकलेले असतात तिच्यात तो ४००वर येतो. हा १४ सेंटचा फरक कुठल्याही स्क्रूने जात नाही.

गैरसमज : गुणगुण येते, तर प्लगची अर्थिंगची पिन काढावी

हा गैरसमज जिवावर बेततो. स्कॉटलंडच्या स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ला स्वॉन्झीतल्या कार्यक्रमात अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ती वाट तोडली आणि अ‍ॅम्पमध्ये दोष निर्माण झाला, तर वीज वादकाच्या अंगातून वाट काढते.

गुणगुणीचं खरं मूळ बहुधा पिकअपमध्ये असतं. एका कॉइलचं पिकअप तारांबरोबर घरातल्या ५० हर्ट्झ विजेचं चुंबकीय क्षेत्रही टिपतं. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५मध्ये दोन उलट्या कॉइल जोडून हमबकर बनवला, त्यात ही गुणगुण आपसात कापली जाते. १९५७पासून प्रिसिजन बेसचं दुभंगलेलं पिकअपही याच युक्तीवर चालतं. जॅझ बेसची दोन पिकअप्स पूर्ण उघडी असताना शांत असतात. एकाचा आवाज जरा कमी केला की गुणगुण परत येते, आणि वादकाला वायर तुटल्याची शंका येते. आतून लावलेला तांब्याचा पत्रा खरखर अडवतो, चुंबकीय गुणगुण अडवत नाही. त्यासाठी अंग थोडं वळवून वाजवणं आणि अ‍ॅडॅप्टर, डिमर, ट्रान्सफॉर्मर यांच्यापासून दूर बसणं जास्त कामी येतं.

गैरसमज : दणदणीत रेकॉर्डिंगला दणदणीत अ‍ॅम्प लागतो

मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत १९७०मध्ये ‘लेला’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा एरिक क्लॅप्टन आणि ड्युएन ऑलमन यांच्यासमोर फेंडरचे चिमुकले अ‍ॅम्प होते. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवरची जिमी पेजची गिटार म्हणजे एक टेलिकास्टर आणि छोटा सुप्रो अ‍ॅम्प. छोटा अ‍ॅम्प पूर्ण उघडला की त्याचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर दोन्ही ताणले जातात, शेजारी मात्र झोपू शकतात. आवाजाचा मोठा फरक मायक्रोफोनच्या जागेने पडतो. स्पीकरच्या मध्यावर धरला तर आवाज धारदार येतो, दोन-तीन बोटं कडेला सरकवला की मऊ होतो.

गैरसमज : थेट जोडलेली गिटार निर्जीवच वाजते

मोटाउनमध्ये बेस थेट कन्सोलला जात असे. बीटल्सच्या १९६८च्या ‘रिव्होल्यूशन’मधल्या फाटक्या गिटारीही अ‍ॅम्पशिवाय थेट कन्सोलला जोडून, तिथला प्रीअ‍ॅम्प अति तापवून मिळवलेल्या आहेत. घरी थेट जोडल्यावर आवाज मेल्यासारखा येतो तो बहुधा चुकीच्या सॉकेटमुळे. पिकअपला सुमारे दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट सहसा दहा हजारांच्या घरात असतो, त्यात वरचे नाद गळून जातात. ऑडिओ इंटरफेसवरचं ‘इन्स्ट्रुमेंट’चं बटण दाबलं की फरक लगेच ऐकू येतो.

थेट सिग्नल आणि मायक्रोफोन दोन्ही एकत्र वापरले की नवी गंमत होते. स्पीकरपासून ३४ सेंटिमीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनपर्यंत आवाज पोचायला एक मिलिसेकंद लागतो. त्या उशिराने ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज कापला जातो आणि बेस पोकळ वाटतो. संगणकावर एक ट्रॅक तेवढाच सरकवला की तो भरून येतो.

गैरसमज : मोबाइलवर बेस ऐकू येत नाही, तर खालचे नाद वाढवावेत

बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो आणि मोबाइलचा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. तरी तो स्वर ओळखू येतो, कारण वरच्या नादांवरून मेंदू गाळलेला मूळ स्वर जोडून घेतो. खालचे नाद वाढवून मोबाइलवर काही बदलत नाही आणि मोठ्या स्पीकरवर सगळं गढूळ होतं. वाढवायचा तो ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपासचा भाग, जिथे बोटाचा तारेवरचा घाव असतो. टेपच्या जमान्यात पातळी लाल रेषेला भिडवायची सवय होती, तीही संगणकावर रेकॉर्ड करताना सोडता येते. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत जोरकस ठोका वजा १२ डेसिबलच्या जवळपास ठेवला तरी पार्श्वभूमीची सरसर वर येत नाही, आणि अचानक जोरात वाजलेला स्वर फाटत नाही.